खेळोबानं धरलेली वाटी

"काडेपेटी आणली," असं म्हणून ह्यांनी ती चुलीच्या कडेला ठेवली, टोपी काढून गुडघ्यावर अडकवली आणि काखेतलं गाठोडं तसंच ठेवून भिंतीला पाठ लावून बसले.

मी भाकरी थापत होते. थापायची थांबले नाही. तव्यावरची उलटली, विस्तवाला लावली, फुगली तशी टोपल्यात टाकली. काडेपेटी आणतो म्हणून हे घरातून गेले होते, त्याला नववं वर्ष चालू होतं.

"एवढा वेळ लागतो व्हय रं?" आत्याबाई माजघराच्या दारातून म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पोरगं कोपऱ्यावरच्या दुकानातून आलंय, असाच आवाज होता त्यांचा. चौकट मात्र दोन्ही हातांनी धरली होती.

"दुकानात गर्दी हुती," हे म्हणाले.

"हात धू. वाढतेय अनशी."

परगावचं कुणी तिथं असतं तर आम्हाला वेड्यात काढून निघून गेलं असतं. पण आमच्या गावाची ती रीत होती, आणि रीत खेळोबाची होती.

खेळोबाचं देऊळ नदीच्या वळणावर आहे. देव म्हणजे सहा-सात वर्षांचं पोर. काळ्या दगडाचं, उकिडवं बसलेलं, एक बोट समोरच्या कुंडातल्या पाण्यात बुडवलेलं. वेळ वाहते ती त्याच्या राखणीत, असं आमच्याकडे मानतात. थोरल्या देवांनी त्याला राखणीला बसवलं आणि ते आपापल्या कामाला गेले. आता पोरच ते. पाटाच्या पाण्याला पोरं चिखलाचा बांध घालतात, तुंबलं की टाळ्या पिटतात, कंटाळा आला की लाथेनं फोडून टाकतात. खेळोबा वेळेचं तेच करतो. कुणाची अडवतो, कुणाची सोडतो. त्यात राग नसतो आणि दयाही नसते.

घरातलं कुणी न सांगता निघून गेलं की घरच्यांनी काशाची वाटी देवळात न्यायची. वाटीच्या बुडाला बारीक भोक पाडलेलं. गुरव ते मेणानं बुजवतो आणि वाटी कुंडात सोडतो. ती तरंगते तोवर त्या माणसाची वेळ खेळोबानं बोटावर धरलेली असते. बायकोचं कुंकू तसंच, सगळं तसंच. मेण सुटून वाटी बुडाली की तो माणूस गेला असं धरायचं आणि त्याचे दिवस घालायचे. आणि वाटी तरंगत असताना माणूस परत आलाच, तर मधला काळ झालाच नाही. तो कुठं होता हे विचारायचं नाही. इथं काय घडलं हे त्याला सांगायचं नाही. जिथं सोडलं तिथून पुढं चालायचं. दुसऱ्या दिवशी बायकोनं कुंडातली वाटी उचलून देवाच्या पायाशी पालथी घातली की मधले सगळे दिवस त्या वाटीखाली गेले. त्यांचा उच्चार त्या घरात पुन्हा करायचा नाही, मरेपर्यंत.

आमच्या मधल्या दिवसांत शेवंता गेली होती. आमची एकुलती एक लेक. हे गेले तेव्हा तिसरं सरलं होतं तिचं. पाचवं काही तिनं पुरं केलं नाही.

उद्या मी वाटी पालथी घातली की तीही वाटीखाली जाणार होती. ज्याची लेक, त्याच्या ओंजळीत गुरव एक पांढरं फूल ठेवणार. फूल म्हणजे घरातलं एक माणूस कमी झालं. कोण, ते ज्यानं त्यानं घरात बघून ओळखायचं. कसं गेलं, कधी गेलं, हे त्यानं विचारायचं नाही आणि मी सांगायचं नाही.

मी ताट वाढलं. ह्यांना निरखून घेतलं. दूध घालायला दारोदार हिंडून मला एक खोड लागली होती, माणूस दिसला की मनात त्याचं जमा-नावे मांडायचं. ह्यांच्या अंगावर मांस आलं होतं. केस पांढरे झाले होते, पण तेल लावलेले. सदऱ्याची प्रत्येक गुंडी जागेवर. घर सोडून राहणाऱ्या पुरुषाच्या सदऱ्याला सगळ्या गुंड्या कधी नसतात. हे मी एका बाजूला लिहून ठेवलं आणि पिठलं वाढलं.

मला राग यायला हवा होता. वाटी गच्च भरली तरी सांडलं नाही.

"शेवी कुठाय?" ह्यांनी दुसऱ्या घासाला विचारलं.

"उद्या," आत्याबाई म्हणाल्या.

"निजली काय?"

"वाटी उचलू दे आधी. मग सगळं. जेव तू."

हे जेवले. वाटीच्या आधी घरातलं कुणी दाखवत नाहीत, असं काहीतरी त्यांनी मनाशी धरलं असावं. रीत त्यांना पाठ होती. पाठ नसती तर काडेपेटी आणलीच नसती.

तेवढ्यात शेजारची हौसाक्का पदर खोचत आत आली. तिच्या मागं अर्धी आळी.

"काय केरबा, काड्या सुक्या हायत न्हवं? का सर्दाळलेल्या आणल्यास?"

"सुक्या हायत, आक्का."

"मग बरं. अनशी कवाची चूल फुंकत बसलीया. म्हटलं, ह्यो काय काड्यांचं झाड लावून आणतोय का काय."

बायका हसल्या. हेही हसले. आळीत असा आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. कुणी लिंबू घेऊन आलं, कुणी पापड. दुपारीच भेटल्यासारखं जो तो ह्यांच्याशी बोलत होता. एकजण तर म्हणाला, "सकाळी सांगितलं तो नांगराचा फाळ बघितलास काय?" आणि हे म्हणाले, "बघतो की उद्या." खेळोबाचा खेळ गाव मन लावून खेळत होतं.

हौसाक्का माझ्याकडे बघत नव्हती. शेवंता गेली त्या दिवशी गाडीत तिचे पाय हौसाक्काच्या मांडीवर होते. नदीला पूर, उतार नव्हता, म्हणून डॉक्टर पलीकडे आणि आम्ही अलीकडे. माझ्या मनातल्या वहीत हौसाक्काच्या नावावर कायम जमाच आहे. त्या संध्याकाळी ती हसून हसून डोळे पुसत होती, ते मी बघितलं आणि त्याचं काय मांडायचं ते मला कळलं नाही.

सकाळी गोठ्यात धार काढताना आत्याबाई आल्या. एरवी त्या गोठ्यात येत नसत, त्यांना म्हशीचं भ्या वाटायचं.

"अंघोळ करून घे. लवकर जाऊन येऊ," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, मी ह्यांना सांगणार हाय."

"काय सांगणार?"

"शेवीचं."

त्यांनी गोठ्याचं दार लोटून घेतलं.

"वाटीच्या आधी सांगितलंस तर देव त्याला परत न्हेईल. आन् नंतर सांगायचं न्हाई. मग कवा सांगणार?"

"ती त्यांची पोरगी हाय."

"हाय न्हाई, हुती." त्यांचा आवाज चढला नाही. "माझं पोरगं परत आलंय, अनशे. तुझी लेक येणार हाय व्हय? सांगून येणार असंल तर सांग. न्हाई तर माझ्या पोराला घरात राहू दे."

हिशोब त्यांचा चोख होता. त्यांना एक मिळत होतं आणि ते टिकवायला माझं एक खाली घालावं लागत होतं. माझं तर तसंही गेलेलंच. मी बादली उचलली, म्हशीला पेंड टाकली. दूध नेहमीइतकंच निघालं होतं.

देवळात पोचलो तर माणसं आधीच जमलेली. बाळकू गुरव कुंडाच्या काठावर बसून पाण्यावरचा कचरा ओंजळीनं काढत होता. म्हातारा बेरकी. कुंडात तीन-चार वाट्या फिरत होत्या, त्यांतली हिरवी पडलेली आमची. मेण काही वर्षानुवर्षं टिकत नसतं, हे मला कळत होतं. बाळकूच्या नखात कधीही बघावं, पिवळं मेण असायचंच. कुणाच्या वाटीला नवं लावायचं आणि कुणाची बुडू द्यायची, हे तो घर बघून ठरवत असावा. एका सुनेची वाटी चार महिन्यांत बुडाली आणि पुढच्या वैशाखात तिचं पाटाचं लग्न लागलं. आमच्या घरात आत्याबाई होत्या. आमची बुडाली नाही.

"ये, केरबा," बाळकू म्हणाला. "काडेपेटी भलतीच लांबनं आणलीस म्हणं."

"गर्दी हुती, मामा."

"असती, असती. देवाला ठाव." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "उचला, अनसूयाबाई."

मी काठावर गुडघे टेकले. हात पाण्यात घातला. कुंडात येणारं नदीचं पाणी गार असतं, ते गार आहे एवढं मला समजत होतं, पण लागत नव्हतं. वाटी बोटांशी आली. मागं आत्याबाईंचा श्वास ऐकू येत होता. फुलाची परडी बाळकूच्या मांडीशी होती आणि वर एकच पांढरं फूल.

"जरा थांब," हे म्हणाले.

मी थांबले.

"शेवीला हिकडं आणा की कुणीतरी. लेकीसमोर उचलू या." त्यांनी काखेतलं गाठोडं सोडलं. कालपासून ते कुणाला हात लावू देत नव्हते. आतून परकर-पोलकं निघालं. हिरवं, जांभळ्या काठाचं. ह्यांनी ते झटकून स्वतःच्या छातीशी धरलं. परकराची कड त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत आली.

हौसाक्कानं तोंडाला पदर लावला.

"बाही जरा वाढवून ठेवलीया," हे सगळ्यांकडे बघत म्हणाले. "उंच झाली असंल. माझ्यावर गेली असली तर लागंल. आत दुमड हाय, उसवली की झालं."

"कुणी शिवलं?" बाळकूनं विचारलं. विचारायचं नसतं, तरी विचारलं.

"मीच." हे घुटमळले. पण इतका वेळ गप्प राहिलेला माणूस एकदा बोलायला लागला की त्याला थांबता येत नाही. "दर दिवाळीला एक शिवायचो. पुढच्या दिवाळीला ते ल्हान व्हायचं. मग ते कुणाला तरी द्यायचो आन् मोठ्या मापाचं बेतायचो. ह्या खेपंला म्हटलं, आता ह्याच्यापुढं परकर चालायचा न्हाई. आता लुगडंच घ्यावं लागंल. मग आलो."

गुंड्यांचं कोडं सुटलं. माणूस शिंप्याच्या दुकानात होता.

मी गुडघ्यांवरच होते. वाटी अजून हातात होती, पाण्याबाहेर काढलेली नव्हती. माझ्या डोक्यात त्या वेळी दुःख वगैरे काही आलं नाही. एक साधी बेरीज आली. ह्यांनी दर वर्षी बोटभर उंची वाढवली होती. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी यंत्रापाशी बसून, माझी लेक नदीकाठी पुरल्यानंतरही, हा माणूस तिला वाढवत होता. म्हणजे ह्यांची वर्षं गेली होती. एकेक करून, मोजून गेली होती. आणि माझी मात्र झालीच नव्हती.

"बाळकूमामा," मी म्हणाले, "पोरं लपंडाव खेळतात तवा डोळं झाकलेल्यानं बोटांच्या फटीतनं बघितलं, तर काय हुतं?"

बाळकूला कळलं. बेरकी माणसाला समजावत बसावं लागत नाही, तेवढं बरं असतं.

"डाव मोडतो," तो म्हणाला.

"ह्यांनी बघितलंय. फटीतनं न्हाई, डोळं उघडं ठिवून. दर दिवाळीला."

"अनशे, उचल ती वाटी," आत्याबाई म्हणाल्या.

"ह्यांची वर्षं गेली असतील तर माझीबी गेली."

"तुझ्या पाया पडते. उचल."

मी वाटीच्या बुडाला अंगठा लावला. मेण उबेला मऊ झालं होतं, की बाळकूनं परवाच नवं लावलं होतं, कोण जाणे. ते सहज सुटलं. भोकातून पाण्याचा बारीक कोंब वर आला. मी हात काढून घेतला. वाटी लगेच बुडाली नाही. जागच्या जागी एक गिरकी घेतली, कडेपर्यंत भरली आणि एखादं पोर पाण्यात डुबकी मारतं तशी खाली गेली.

तळाशी तिचा आवाज आला. काशाचा, लहानसा.

सगळ्यांत आधी हौसाक्का बोलली. असल्या वेळी कुणीतरी बोलावंच लागतं. "आता गं? वाटी बुडाली म्हंजे ह्यो मेला की. आन् मेलेला घाम पुसतोय."

कुणी हसलं नाही. एकजण म्हणाला, रीतीनं आता तेरा दिवस धरायला पाहिजेत. दुसरा म्हणाला, जित्या माणसाचे कसे धरायचे. सगळे बाळकूकडे बघायला लागले. बाळकूनं परडीतलं पांढरं फूल उचललं, बोटांत फिरवलं आणि कुंडात सोडून दिलं.

"वाटी बुडाली म्हंजे वेळ वाहती झाली," तो म्हणाला. "एवढंच. माणूस मेला का जगला ते देव बघत न्हाई. देव पाणी बघतो. ह्यांच्या घरातली मधली वर्षं झाली. कशी झाली ते त्यांचं त्यांनी एकमेकांला सांगावं. आता जावा घरला, गोठ्यात जित्राबं ताटकळली असतील."

माणसं निघाली. लिंबू-पापड घेऊन आलेली माणसं ती, जाताना एकानंही मागं बघितलं नाही. बाळकू देवामागं जाऊन समईत तेल घालायला लागला, ती भरलेलीच होती.

आम्ही तिघं राहिलो. आत्याबाई कोरड्या डोळ्यांनी ह्यांच्याकडे बघत होत्या. आता हा उठेल, टोपी घालेल आणि नदीच्या रस्त्याला लागेल, एवढंच त्यांच्या तोंडावर होतं. ह्यांनी परकर घडी करायला घेतला. शिंप्याची घडी, काठाला काठ. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा त्यांनी तो तसाच मांडीवर ठेवला आणि पायरीवर बसले.

"कुठं हुता?" मी विचारलं.

"हुबळीला."

"का गेला?"

"न्हाई सांगता येत. काडेपेटी आणायला निघालो. फाट्यावर गाडी उभी हुती."

मी दुसरं काही बरं उत्तर येईल म्हणून थांबले. दुसरं नव्हतं. हुबळी काही सातासमुद्रापार नाही.

"शेवी?" ते म्हणाले.

"गेली."

त्यांनी मान हलवली. पोलक्याच्या बाहीतली दुमड बोटांनी चाचपत राहिले.

"कशानं?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. एवढी वर्षं तोंडात धरलेलं बोलायचं होतं, आणि कुठून सुरू करावं ते सुचेना. शेवटी दूध घालणाऱ्या बाईला सुचतं तसंच सुचलं, वारापासून.

"श्रावणातला सोमवार हुता," मी म्हणाले. "सकाळी उठली तीच तापानं फणफणलेली. मी दूध घालायला गेले हुते, आले तर..."

"सोमवार न्हवता."

आत्याबाई. त्या देवळाच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या, तिथूनच बोलल्या, पाठ आमच्याकडेच.

"ऐतवार हुता. आन् ताप दुपारनं आला. सकाळी घसा दुखतोय म्हणाली. तू दूध घालायला गेली हुतीस. मी तिला हळद घालून दूध दिलं. निम्मं प्याली." त्या वळल्या. "निम्मं मी झाकून ठिवलं. उठली की पिईल म्हणून."

हे मला माहीत नव्हतं.

मी जरा सरकले आणि त्यांना पायरीवर जागा करून दिली.